कमलाबाईंच्या गाठीवरच्या बैठका

अलोऱ्याच्या शाळेतल्या कमलाबाईंच्या डाव्या स्तनात गाठ सापडली आणि घरातल्या पुरुषांना एकाएकी वैद्यकशास्त्र येऊ लागलं. वर्षानुवर्षं दुखणाऱ्या त्यांच्या गुडघ्याची तोवर कुणी चौकशीही केली नव्हती.

तपासणीत कर्करोग निघाला. रत्नागिरीच्या सर्जननी रिपोर्ट चाळता चाळताच फर्मावलं, स्तन पूर्ण काढायचा, येत्या बुधवारी दाखल व्हा. कमलाबाई काही विचारणार, तोवर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलंही होतं. एवढ्या वेळात बाईंच्या वर्गाची हजेरीसुद्धा होत नसे.

घरी डोंबिवलीहून धाकट्या दिराचा, राजेंद्रचा व्हिडिओ कॉल आला. राजेंद्र औषध कंपनीचं गोदाम सांभाळतो, त्यामुळे घरात त्याचा शब्द डॉक्टरच्या तोडीचा.

"काढून टाका," तो भावाला, म्हणजे बाईंच्या नवऱ्याला, सहदेवला म्हणाला. "या वयात वहिनींना काय करायचंय?"

सहदेवने मान डोलावली. ठराव एकमताने मंजूर झाला. कमलाबाई तेव्हा स्वयंपाकघरात मासे साफ करत होत्या. त्या रात्री न्हाणीघरात त्या बराच वेळ आरशासमोर उभ्या राहिल्या.

सुदैवाने त्या रुग्णालयात कर्करोगाच्या प्रत्येक पेशंटची केस सगळ्या डॉक्टरांच्या बैठकीत मांडायचा नवा नियम झाला होता. सर्जनना हा वेळेचा अपव्यय वाटे, पण नियमापुढे त्यांचा इलाज नव्हता. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर स्नेहल यांनी तिथे दाखवलं की गाठ लहान आहे आणि एकच आहे. कोल्हापूरहून पडद्यावर आलेल्या रेडिएशनच्या डॉक्टरांनी विचारलं, मग अख्खा स्तन कशाला? सर्जन म्हणाले, इकडच्या बायका रेडिएशनला जात नाहीत.

"या बाईंना विचारलंत?" स्नेहलने विचारलं.

सर्जननी चष्मा पुसायला घेतला. हे सगळं स्नेहलनेच पुढे बाईंना सांगितलं.

सोमवारी सर्जननी बाईंना बोलावून, सारं आपल्यालाच सुचल्याच्या थाटात समजावलं. नुसती गाठ काढून कोल्हापुरात काही आठवडे रेडिएशन घेता येईल, किंवा स्तन पूर्ण काढता येईल. तुमच्या बाबतीत आयुष्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. ठरवायचं तुम्ही. बाईंना या शेवटच्या वाक्याची इतकी सवय नव्हती, की त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं.

राजेंद्रला हा स्वतःचा अपमान वाटला. आठवड्यात मत बदलणाऱ्या डॉक्टरांवर भरवसा कसा ठेवायचा, असं तो भावाला समजावू लागला. या वेळी कमलाबाईंनी फोन आपल्या हातात घेतला.

"त्यांनी माझे रिपोर्ट वाचले, भावोजी. तुम्ही नुसतं माझं वय मोजलंत."

पलीकडे नेटवर्क गेलं, असं राजेंद्रने नंतर सांगितलं.

नुसती गाठ काढली. कर्करोग काखेपर्यंत पसरलेला सापडला नाही. कोल्हापुरात भाड्याच्या खोलीत सहदेवने आयुष्यात पहिल्यांदा भात लावला आणि बाईंनी तो करपलेला भात निमूटपणे खाल्ला. रेडिएशनने छातीची कातडी काळवंडली, थकवा असा यायचा की जिना चढताना मध्येच बसावं लागे. पण सगळं पार पडलं आणि जूनमध्ये त्या शाळेत रुजू झाल्या.

पुढे राजेंद्र गावी आला, तेव्हा बुद्धविहाराच्या पायरीवर बसून चारचौघांना सांगत होता, आम्ही सगळ्यांनी नीट विचार करून गाठच काढायचं ठरवलं. कमलाबाईंनी ते ऐकलं, पण ते खोडून काढलं नाही. जुने ब्लाउज एका बाजूला सैल होत होते, म्हणून त्या नवीन माप द्यायला शिंप्याकडे निघाल्या होत्या.