जालन्याची वेळ

भगवतीदेवींनी कातळावर टेकून पायातला बूट काढला आणि उलटा करून आपटला. आतून लाल खडा पडला. बूट परत घालताना त्यांनी खाली पाहिलं. भाड्याची गाडी काडेपेटीएवढी दिसत होती. तिच्या शेजारी, झाडाखालच्या पारावर एक पांढरा ठिपका होता. ते पन्नालाल. गुडघे ऐकत नव्हते म्हणून ते खालीच थांबले होते.

"दादी, आता थोडंच राहिलंय," पुढे गेलेली पलक म्हणाली. "हात देऊ का?"

"हात नको. डबा घे."

पलकने डबा पाठीवरच्या पिशवीत टाकला. एम.एस्सी. झाल्यावर दादी आणि दादाजींना समुद्र दाखवायचाच, असा हट्ट धरून या नातीनेच त्यांना जालन्याहून इथवर आणलं होतं. उद्या पहाटे परत निघायचं होतं. आणि इतके दिवस समुद्राकाठी राहूनही सूर्य पाण्यात बुडताना भगवतीदेवींनी एकदाही पाहिला नव्हता. रोज दिवस असतानाच जेवण, त्यानंतर चौविहार, म्हणजे सकाळपर्यंत अन्नपाणी बंद, आणि लगेच खोलीचं दार लावून प्रतिक्रमण, दिवसभरातल्या चुकांची क्षमा मागायचा पाठ. सूर्यास्ताच्या वेळा जैन स्थानकातून मिळालेल्या छोट्या कार्डावर छापलेल्या होत्या. घरी ते कार्ड फ्रिजला चिकटलेलं असे. इथे ते पर्समध्ये होतं.

आज पन्नालालच म्हणाले होते, "वर जाऊनच जेवा. मी खाली जेवतो. अन् नीट बघून ये, कसा बुडतो ते. मला येऊन सांग."

वाट वळली तिथे करवंदीच्या जाळीला लागून एक दुभंगलेला खडक होता. भगवतीदेवी थबकल्या. खडकाच्या फटीत त्यांनी बोटं घालून पाहिली, जणू काही ठेवून गेल्या होत्या.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. सगळं कुटुंब बस करून आलं होतं. दोघं हळूच निसटून इथवर चढले होते. पन्नालाल म्हणत होते, अजून वेळ आहे गं, सूर्य बघ कुठंय. भगवतीदेवींनी कार्डावरची वेळ सांगून त्यांच्या मनगटावरचं घड्याळ त्यांच्याच डोळ्यांपुढे धरलं होतं. खाली सासूबाई डबे उघडून बसल्या होत्या. पन्नालाल हसत मागे फिरले. पण तेव्हापासून दुकानातून यायला उशीर झाला आणि जेवणाची घाई झाली, की ते येईल त्याला सांगत, "जालन्यात सूर्य हिच्या हुकमानं मावळतो, बरं का."

वर मोकळा सडा, म्हणजे कातळाचं पठार होतं आणि तीन बाजूंनी समुद्र. वाऱ्यात पदर आवरत दोघींनी मेथीच्या पुऱ्या खाल्ल्या. भगवतीदेवींनी कार्ड पाहिलं, घड्याळ पाहिलं, पोटभर पाणी पिऊन घेतलं आणि फोन लावला. चौविहाराचे पच्चक्खाण, म्हणजे तो नियम घेण्याचे शब्द, घरी त्याच म्हणत, पन्नालाल नुसते हात जोडत. आज ते फोनवरून व्हायचं होतं.

"अहो, जेवलात न?"

"कुठलं? ड्रायव्हरसंगं कापसाचं बोलून राह्यलो व्हतो. बघतो तं वेळ गेल्ती. डबा तसाच हाय."

"कमाल करता! आता दवाई काय उपाशीपोटी घेणार?"

"एका रात्रीनं काय व्हतं? तू म्हण. हात जोडलेत मी."

भगवतीदेवींनी डोळे मिटले. पापण्यांवर ऊन लागत होतं. पहिला शब्द ओठांवर आला आणि तिथेच थांबला. त्यांनी डोळे उघडले. सूर्य समोर होता, पाण्यापासून चांगला वर.

फोनवर तळवा ठेवून त्यांनी विचारलं, "पलक, कार्ड चुकीचं छापलं का गं?"

पलकने कार्ड घेतलं, सूर्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"कार्ड बरोबर आहे दादी. पण ते जालन्याचं आहे! आपण किती पश्चिमेला आलोय. इथे तो उशिरा मावळतो. पाव तास तरी."

"रोजच?"

"रोजच. मला मेलीला सुचायला नको? आपण इथे येऊन जालन्याच्या वेळेनं जेवत होतो."

भगवतीदेवी वळून वाटेकडे बघत राहिल्या. दुभंगलेला खडक इथून दिसत नव्हता, नुसती करवंदीची जाळी दिसत होती.

"मंग तव्हा बी असंच आसंल," त्या म्हणाल्या.

"तेव्हा म्हणजे कधी?"

तळव्याखाली फोन कुरकुरत होता.

"हॅलो? झोपलीस का वर? हात दुखून राह्यले माझे."

"सोडा हात," भगवतीदेवी म्हणाल्या. "डबा उघडा."

"आं?"

"अजून वेळ हाय. सूर्य बघा कुठंय."

"मला काय दिसतो इथून? डोंगर आडवा हाय. वेळ हाय म्हणून कोण म्हणलं?"

"तुम्हीच."

पलीकडे डबा खडखडला. मग झाकण निघाल्याचा आवाज आला.

"जल्दी नका करू," भगवतीदेवी म्हणाल्या. "सावकाश खा."

पलक काही विचारणार होती, पण दादीचा चेहरा पाहून ती जरा दूर जाऊन बसली. भगवतीदेवींनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. सूर्य तांबडा झाला होता. आता त्याच्याकडे बघता येत होतं.

"आता कुठंय?" भरल्या तोंडाने पन्नालाल विचारत होते.

"हाय," त्या म्हणाल्या. "हाय अजून. तुम्ही खा."