यजमान बसला

संत निकोलाच्या सणाला घरचा यजमान दिवसभर बसत नाही. पाहुण्यांना वाढायचं, ग्लास भरायचे, सगळं उभ्यानंच. सर्बियातल्या चाचाक शहरातल्या एका घरात यंदा वडिलांच्या जागी ओग्नेन यजमान झाला होता. पण त्याचा उजवा गुडघा उन्हाळ्यापासून सुजतोय, हे डॉक्टर सोडून फक्त त्याच्या बायकोला, यास्नाला ठाऊक होतं.

या सणाला आमंत्रण नसतं. येईल तो आपला. त्यामुळे ओग्नेन ज्या बास्केटबॉल क्लबकडून खेळायचा, त्याचे मॅनेजर द्रागुतिन दारात दिसले, तेव्हा ती चरकली. त्याच्या नव्या करारावर उद्याच सही व्हायची होती.

"काय म्हाताऱ्या, उडी मारता येते ना अजून?"

"तुमच्यापेक्षा उंच, साहेब," म्हणत ओग्नेननं त्यांना मासा वाढला.

यास्ना कडेवरच्या बाळाला थोपटत होती, नजर मात्र नवऱ्याच्या पायावर. तो आता टेबलाच्या आधारानं चालत होता. आणखी एक वर्ष तो रेटून खेळेलही. पण मग या लेकरामागे धावू शकेल का, याची खात्री डॉक्टरांनीही दिली नव्हती.

तिनं खुर्ची ओढली. "बस, ओग्नेन."

"सूनबाई, अगं आज?" सासरे पुटपुटले.

ओग्नेननं द्रागुतिनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि तो बसला.

"गुडघा गेलाय, साहेब. उद्याची सही राहू द्या."

द्रागुतिननी हातातला काटा खाली ठेवला. "गाढवा," ते हळूच म्हणाले, "आधी नाही का सांगायचं?"