दहाचा नववा घात

बाईंनी सहावीच्या फळ्यावर 'दहाचा सहावा घात' लिहिलं आणि मागून आवाज आला, "बाई, पाच घात झाले तरी दहाला अक्कल आली नाही?"

वर्ग खो-खो हसला. बाईही हसल्या, पण मनातून खट्टू झाल्या. चाचणीत निम्म्या वर्गानं उत्तर साठ लिहिलं होतं. मुख्याध्यापकांनी तर सकाळीच सुनावलं होतं, "पाठ करून घ्या, बाई. घोकलं की येतं."

बाईंनी खडू ठेवला. प्रत्येकाला पुठ्ठा, पट्टी, कात्री दिली. "दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच डबा करा. तिरका झाला तर परत!"

डिंक पोरांच्या कोपरापर्यंत पोचला, पण डबे झाले. मग बाईंनी एक सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे काढले. एका डब्याच्या तळाला शंभर बसले. असे दहा थर, म्हणजे डब्यात हजार.

दुसऱ्या दिवशी वर्गात काठ्या बांधून एक मीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच सांगाडा उभा राहिला. "आता यात किती ठोकळे मावतील?"

"दहा हजार!"

"छे, लाख!"

पिटुकली वर्गात सगळ्यात बुटकी. तिनं आजवर कधी हात वर केला नव्हता. आताही हात वर न करता ती सरळ सांगाड्यात शिरली आणि एका कडेला डबे मांडू लागली. दहा मावले. शेजारच्या कडेलाही दहा. कोपऱ्यात एकावर एक रचले, तेही दहाच.

"तळाला शंभर डबे," ती पुटपुटली. "असे दहा थर... हजार डबे. एकेकात हजार ठोकळे..." ती ताडकन उठली, डोकं काठीला आपटलं. "दहा लाख! बाई, दहाचा सहावा घात म्हणजे दहा लाख!"

पोरांनी बाकं बडवून वर्ग डोक्यावर घेतला. मुख्याध्यापक तावातावानं आत आले. "काय बाजार मांडलाय?"

"सर, यात दहा लाख ठोकळे मावतात!"

"कोणी सांगितलं?"

"आम्ही मोजलं."

सर थबकले. "बरं. खोका दहा मीटरचा असेल तर?"

बाईंनी चमकून सरांकडे पाहिलं. हे त्यांनी शिकवलंच नव्हतं.

पिटुकली डोकं चोळत म्हणाली, "लांबी दहापट, रुंदी दहापट, उंचीही दहापट. तीन शून्यं वाढली. शंभर कोटी, सर. दहाचा नववा घात!"

सरांनी स्वतः फळ्यावर शून्यं मांडली, मोजली आणि हसून मान डोलावली. "बाई, ते पाठांतर राहू द्या."

पण ऐकायला वर्गात होतं कोण? दहा मीटरचा खोका केवढा होतो ते बघायला सगळी पोरं मैदानाकडे पळाली होती, मोजफितीचं टोक पिटुकलीच्या मुठीत देऊन.