पिक्तोनेसची पाटी

गुलामांचा व्यापारी विबियस याने लितुगेनाच्या डोक्यावरची, युद्धकैदी विकताना घालतात ती माळ ओढून फेकली आणि तिच्या गळ्यात नवी पाटी अडकवली. कालपर्यंत पाटीवर तिच्या जमातीचं नाव होतं, वेनेती. आज पिक्तोनेस.

"ही आमची जमात नाही," ती म्हणाली.

"तुझ्या जमातीला कुत्रंही विचारत नाही बाई. रोमचे दूत डांबून ठेवणारी माणसं घरात कोण घेईल? कुणी विचारलंच तर सांग, नवरा मेला, दिरांनी विकलं."

लितुगेनाच्या अंगाचा तिळपापड झाला. जमात तरी कुठली निवडली या मेल्याने! याच पिक्तोनेसांनी रोमनांना गलबतं पुरवली होती. त्या गलबतांवरून लांब काठ्यांना बांधलेले कोयते आले, वेनेतींच्या शिडांचे दोर तुटले आणि तिचा नवरा भर समुद्रात कापला गेला. घर गेलं, गाव गेलं, उरलंसुरलं बाजारात आलं. नाव तेवढं राहिलं होतं, तर त्याचीही यांना अडचण. चोरांनो, तेही न्या.

"मी नाही सांगणार."

"नको सांगूस. मग पोरगी एकीकडे, तू एकीकडे."

सात वर्षांची नांतिया तिच्या झग्याला बिलगून उभी होती. लितुगेनाने दातओठ खात खाली बसून सकाळभर लेकीकडून घोकून घेतलं. आपण कोण? पिक्तोनेस. पुन्हा सांग. पिक्तोनेस.

दुपारी नार्बो शहराकडचा एक द्राक्षमळेवाला आला. त्याने पाटी वाचली, पण विश्वास ठेवला नाही.

"मोठी माणसं थापा मारतात. मी पोरांना विचारतो. काय गं, तुम्ही कोण?"

"पिक्तोनेस," नांतिया जराही न अडखळता म्हणाली.

"वेनेती नाही ना?"

"छे. वेनेती वाईट असतात. दगाबाज मेले."

हे लितुगेनाने शिकवलं नव्हतं. विबियस सकाळपासून जे बडबडत होता, ते पोरीने उचललं होतं. मळेवाला खो खो हसला.

"पोरगी चलाख आहे. दोघींनाही घेतो. काय बाई, खरं बोलते ना ही?"

लितुगेनाच्या डोळ्यांपुढे नवरा आला. तिने पोरीचा हात घट्ट धरला.

"खरं आहे, मालक."

नांतियाने शाबासकीसाठी वर पाहिलं. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.