कण्हणं थांबवणारा काढा

गोदामात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पोत्यांच्या थप्प्या भिंतीकडे सारून मंच केला होता. मंचावर काचेचं नळकांडं, त्याच्याखाली विजेवर तापणारा पत्रा आणि नळकांड्यात एक पांढरा उंदीर. पत्रा तापला तसा उंदराने आधी मागचा पाय झटकला, मग तो चाटला आणि शेवटी टुणकन उडी मारली. वेलीचा काढा देणाऱ्या वेलबाबाने त्याला शेपटीने उचलून पिंजऱ्यात सोडलं.

"पोळलं बिचाऱ्याला! आता हा दुसरा बघा. ह्याला मघाशी आपल्या काढ्याचे चार थेंब पाजलेत."

दुसरा उंदीर पत्र्यावर नुसता बसून राहिला. पाय झटकणं नाही, चाटणं नाही, उडी नाही. लोकांनी माना उंचावल्या.

"उंदराला श्रद्धा असते का, मंडळी?" वेलबाबा विचारू लागला. "मी ह्याच्या कानात मंत्र फुंकला का? हा माझा जावई आहे का?" हशा पिकला. "मग हे काय आहे? सायन्स! तेही साधंसुधं नव्हे, वरच्या दर्जाचं सायन्स! आपल्या वेलीच्या लहरी दुखण्याच्या मुळाशी जातात आणि तिथला करंट तोडतात. बटण बंद, दिवा बंद! डॉक्टर लोक नुसता दिवा पुसत बसतात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. खांबाला टेकून उभी असलेली एक बाई तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती पत्र्याकडे बघत होती आणि पुटपुटत होती, "उचला. उचला आता त्याला."

गल्लीत तिला उंदीरताई म्हणत. ती औषधांच्या प्रयोगशाळेत काम करायची. वनस्पतींचे अर्क जनावरांना देऊन त्यांच्या वेदना कमी होतात का, हे तपासणं हा तिचा रोजचा धंदा. हा तापता पत्रा तिच्या टेबलावरही होता. फरक इतकाच, की तिच्याकडे उंदीर हलो न हलो, अर्ध्या मिनिटाच्या आत त्याला उचलून घ्यायचा नियम होता. नाहीतर पाय भाजतात. वेलबाबाने आपला उंदीर उचलून बाजूला ठेवला तो त्याच्या कितीतरी नंतर.

तिला जास्त खुपत होती ती मंचावरची खुर्ची. हातात फुलांचा गुच्छ घेऊन तिथे तिचे सर, प्रयोगशाळेचे प्रमुख, बसले होते. ह्याच वेलीचा अर्क सरांनी महिन्यापूर्वी पत्र्यावर तपासला होता आणि निकाल हाच आला होता. "सर, तोल सांभाळतो का, चालतो का, हे बघायचं राहिलंय," असं ती तेव्हा म्हणाली होती. सर म्हणाले होते, "होईल हो तेही. आधी चार लोकांना कळू तर द्या." चार लोकांना कळलं ते असं.

ती गर्दीतून वाट काढत मंचामागच्या पडद्याकडे गेली. तिथे तिची मावशी होती.

पडद्याआड खाटांची रांग होती. कुणाचा मणका, कुणाचं पोट, कुणाचा कर्करोग. सगळे दुखणेकरी आणि एकाचंही कण्हणं नाही. उंदीरताई जागच्या जागी थबकली. दुखणेकऱ्यांच्या खोलीत कुणी कूस बदलतं, कुणी पाणी मागतं, कुणी निदान नर्सला शिव्या घालतं. इथे खाटेची करकरसुद्धा नव्हती. नातेवाईक उशाशी बसून हळू आवाजात कौतुकाने बोलत होते.

"आलीस?" दादा उठला. तिचा थोरला भाऊ. "बघ, कशी शांत निजलीय. कालपासून हूं की चूं नाही."

आई गेल्यावर दोघांना मावशीनेच वाढवलं होतं. ती उताणी पडली होती, डोळे अर्धे उघडे. कपाळावर घाम डवरला होता. उंदीरताईने मनगट हातात घेतलं. नाडी धावत होती. अंग तापलेलं. श्वास उथळ, जणू कुणी छातीवर वजन ठेवलंय. उजव्या डोळ्याच्या कडेतून पाण्याची एक रेघ कानापर्यंत गेली होती.

"दादा, हिला आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्यायचं."

"वेड लागलंय का तुला?"

"नाडी बघ हिची. शांत झोपलेल्या माणसाची नाडी अशी पळते?"

"तिच्या पोटात कळा येत होत्या ना, तेव्हा रात्ररात्र मी ऐकलंय तिचं ओरडणं," दादा दातओठ खात म्हणाला. "तू तुझ्या उंदरांत होतीस. आता कुठे तिला आराम पडलाय, तर तू आलीस शहाणपण शिकवायला."

तिने मावशीच्या खांद्याखाली हात घातला, तसा बिल्ला लावलेला स्वयंसेवक आडवा आला. "ओ ताई, हात नका लावू. मधेच हलवलं की दुखणं दुप्पट उलटतं. मग बाबांची जबाबदारी नाही."

"ऐकलंस?" दादा म्हणाला.

ओढाताण करून उपयोग नव्हता. ह्या लोकांचा विश्वास त्या पत्र्यावर बसला होता, तर पत्र्यापाशीच जायला हवं होतं. ती पडदा सारून थेट मंचावर चढली.

"बाबा, तुमच्या उंदराचं एक बघायचंय."

वेलबाबाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बघा ना, बाई! सायन्सला काय लपवायचंय?"

"त्याला उताणा ठेवा. पाठीवर."

बाबाचं हसू जरासं लांबलं. "मुक्या जिवाला कशाला छळता?"

"तापल्या पत्र्यावर बसवलात तेव्हा तो बोलका होता का?"

मागच्या बाकांवर कुणीतरी खदखदून हसलं. "ठेवा की हो, बाबा!"

बाबा हलला नाही. उंदीरताई सरांकडे वळली. "सर, तुम्ही ठेवा."

सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ती काय विचारतेय, हे त्या गोदामात त्यांना एकट्यालाच कळलं होतं. त्यांनी गुच्छ खुर्चीवर ठेवला, पत्र्याचं बटण बंद केलं, आधी पिंजऱ्यातला पहिला उंदीर काढून टेबलावर पाठीवर धरला आणि हात काढला. उंदीर डोळ्याचं पातं लवायच्या आत पालथा होऊन पळू लागला. सरांनी त्याला परत पिंजऱ्यात टाकलं. मग दुसरा, काढा पाजलेला, पाठीवर ठेवला.

तो तसाच राहिला. चारही पाय वर, तळवे लालभडक. डोळे उघडे. पोट मात्र भराभर धपापत होतं.

"थकलाय तो," बाबा घाईने म्हणाला. "लहरींमुळे गाढ विश्रांती..."

"दुखणं गेलेला उंदीर उलटा पडून का राहील?" उंदीरताईने लोकांना विचारलं. "दुखत नसेल तर उलट जास्तच पळायला हवा. ह्याचं दुखणं गेलेलं नाही. ह्याचं हलणं गेलंय. पत्र्यावर ह्याला चटका बसत होता, सबंध वेळ बसत होता. पाय उचलायला ताकद नव्हती."

"म्हणजे... त्याला कळत होतं?" पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली.

उत्तर द्यायची वेळ आली नाही. टेबलावरचं पोट हळू झालं. मग मधे मधे अडू लागलं. सरांनी बोटाने छाती दाबून पाहिली, पुन्हा दाबली. पोट हललं नाही.

"छाती फुगवणारे स्नायूही लुळे पडले," उंदीरताई म्हणाली. "बाबा, ह्याला चार थेंब पाजलेत. माझ्या मावशीला किती पाजलंत?"

सगळ्यांच्या माना एकदम पडद्याकडे वळल्या.

दादा पडद्याच्या फटीत उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं. तो मागे वळला, मावशीच्या तोंडावर ओणवा झाला आणि लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, "मावशे, दुखत नसेल तर माझ्याकडे बघत राहा. दुखत असेल तर दिव्याकडे बघ."

मावशीची बुबुळं संथपणे सरकली. दिव्यावर गेली आणि तिथेच खिळली.

दादाने तिला दोन्ही हातांवर उचललं. स्वयंसेवक आडवा आला नाही. तो स्वतःच्या बापाच्या खाटेकडे धावला होता.

रुग्णवाहिका एकामागून एक आल्या. मावशीचं आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, फुटलं होतं आणि पोटात पू झाला होता. आधी यंत्राने श्वास द्यावा लागला, मग शस्त्रक्रिया झाली. ती वाचली. गोदामात तिच्या शेजारच्या खाटेवर असलेला ट्रकचालक वाचला नाही. त्याची बायको उशाशी बसून त्याला वारा घालत होती. तो गेल्याचं तिला बऱ्याच वेळाने कळलं.

वेलबाबाला मागच्या दाराशी लोकांनीच धरला. पोलिसांपुढे त्याने सांगितलं ते असं: तो पूर्वी गुरांचा दलाल होता. ही वेल खाल्लेली जनावरं लुळी पडतात, हे त्याने पाहिलं होतं. मारकी गाय बाजारात गरीब दिसावी म्हणून तो तिला हाच रस पाजायचा. मग माणसांवर आला. लहरी नव्हत्या, करंट नव्हता. नसांकडून स्नायूंना जाणारा हुकूम ती वेल मधल्या मधे अडवायची. शरीराकडून मेंदूकडे जाणारी वेदना मात्र बिनबोभाट पोचत राहायची. बाबाने दुखणं थांबवलं नव्हतं, दुखण्याची तक्रार थांबवली होती.

आवाज परत आल्यावर मावशी पहिल्यांदा दादाशी बोलली. "मी किंचाळत होते रे. तोंडातून निघतच नव्हतं. आणि तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतास, बघा कशी शांत निजलीय."

दादा खोलीबाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

वनस्पतींत औषध असतं. ह्या वेलीतही उद्या काही सापडेल. नाहीच सापडणार, असं उंदीरताई आजही म्हणत नाही. पण हलत नाही म्हणून दुखत नाही, हा निष्कर्ष एका पत्र्यावरून काढता येत नाही, मग तो बाबाने काढलेला असो की खुर्चीवर बसलेल्या सरांनी. म्हणून कुणी तुमच्यापुढे चमत्कार मांडला, अगदी सायन्सचं नाव घेऊन मांडला, तरी टाळी वाजवण्याआधी एवढं विचारा: हेच दुसऱ्या कशामुळे होऊ शकेल का, आणि ते कुणी तपासलंय का? उत्तर मिळेपर्यंत आपलं माणूस त्याच्या हवाली करू नका.