जकेलाला बसवलं ती खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि मला माझ्या जागेची किळस येते.

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या एका शाळेत, सुतारकामाच्या वर्गात मुलांनी मला घडवलं. पुढं बरीच वर्षं मी शाळेच्या वाचनालयात होते. मुलं माझ्यावर मांडी घालून गोष्टी वाचायची. ते सुखाचे दिवस! मग नव्या खुर्च्या आल्या, माझा एक पाय डुगडुगू लागला, आणि मला शिक्षण मंडळाच्या कचेरीत धाडलं.

ज्या मुलांना शाळेतून काढायचं असतं, त्यांची तिथं सुनावणी होते. मंडळाच्या लोकांना चाकांच्या गुबगुबीत खुर्च्या, मुलांना मी. सुनावणी म्हणे! मूल दाराबाहेर उभं असतानाच आत ठरायचं.

"हिला वर्षभर काढू?"

"काढा. आटपा लवकर, मॅच सुरू होईल."

हे बोलताना ते बाहेरून मागवलेलं भाजलेलं मांस खात बोटं चाटत असायचे.

एके दिवशी जकेला आली. दहावीतली उंच, किडकिडीत मुलगी. बसच्या रांगेत मारामारी झाली, तेव्हा तिनं शाळेच्या पहारेकऱ्याला लाथ मारली, असा आरोप होता. शेजारी तिची आई वर्लीन उभी होती. माशांच्या कारखान्यातून तशीच आली होती, पायांत रबरी बूट. तिला कुणी बसायलाही सांगितलं नाही.

"मी लाथ मारली नाही," जकेला म्हणाली. "बसच्या दारावर कॅमेरा आहे. तो बघा ना!"

अध्यक्ष ड्युबार्ड हसले. "पोरी, तुझ्यासाठी आता सिनेमा लावायचा का?"

"मग त्या पहारेकऱ्याला तरी बोलवा," वर्लीन म्हणाली. "माझ्या पोरीसमोर सांगू दे."

"त्याला कामं आहेत, बाई."

जकेलाला वर्षभरासाठी काढून टाकलं. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

पण वर्लीन गप्प बसणारी नव्हती. गोरगरिबांचे खटले फुकट लढणाऱ्या टॉलिव्हर वकीलबाईंना तिनं गाठलं. बाईंनी कोर्टात दाद मागितली आणि काही महिन्यांनी सुनावणी पुन्हा घ्यायचा हुकूम आणला.

या खेपेला बाई जकेलाशेजारी बसल्या. म्हणाल्या, "आरोप काय, पुरावा काय, हे आधी जाणून घ्यायचा हिला हक्क आहे. साक्षीदाराला प्रश्न विचारायचा हक्क आहे. तुम्ही मेहेरबानी करत नाही आहात."

पडद्यावर बसच्या कॅमेऱ्याचं चित्रण लागलं. मारामारी एकीकडं चालली होती. जकेला खाली वाकून धाकट्या बहिणीचा चष्मा उचलत होती. लाथ दुसऱ्याच कुणाचीतरी होती.

"तुम्ही हिला लाथ मारताना पाहिलंत?" बाईंनी साक्षीला बोलावलेल्या पहारेकऱ्याला विचारलं.

तो मान खाली घालून पुटपुटला, "मला वाटलं, हीच असेल."

मंडळाला निकाल फिरवावा लागला. ड्युबार्डनी रुमालानं तोंड पुसलं. "चला, शेवट गोड झाला! मंडळ नेहमी नियमानंच वागतं."

"माफी मागा तिची," वर्लीन म्हणाली.

कुणी मागितली नाही. तेव्हा जकेला उठून उभी राहिली.

"साहेब, मी इतके महिने घरात बसले. माझी बहीण सगळ्यांना सांगायची, ताईला बरं नाही. आठ वर्षांच्या पोरीला तुम्ही खोटं बोलायला लावलंत."

ड्युबार्डनी घड्याळाकडं पाहिलं आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं. तो एकटाच आला.

मित्रांनो, मला नवा रंग नको, पायाची डागडुजी नको. माझं एवढंच मागणं आहे. तुम्हाला कधी माझ्यासारख्या खुर्चीवर बसवलं, तर एकटे बसू नका. पुरावा मागा, आणि तो बघितल्याशिवाय उठू नका. आणि मोठे होऊन गुबगुबीत खुर्चीवर बसलात, तर आधी समोरच्या मुलाचं ऐका. तेवढंही जमणार नसेल, तर मला फोडून चुलीत घाला. निदान कुणाचं तरी अन्न शिजेल.