यमुनाबाईंची अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. उस्मानपुऱ्यात लक्ष्मणरावांच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर असतो. माझा पंखा घरघरतो, पडदा पिवळट झालाय. पण एके काळी माझा थाट होता. पाहुणे आले की लक्ष्मणराव माझ्यावरचं कापड काढून मला कौतुकानं दाखवत.

मग त्यांच्या पत्नीचं, यमुनाबाईंचं, घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. हात थरथरत असल्यामुळे त्यांना पेन धरवत नसे, पण एका बोटानं माझ्या कळा दाबता येत. त्या लिहीत आणि लक्ष्मणराव मोठ्यानं वाचत. "अहो, चहात साखर टाकायची असते." "शर्ट उलटा घातलाय." लक्ष्मणराव हसत हसत शर्ट बदलत. माझ्या आयुष्यातले तेच खरे सुखाचे दिवस.

एकदा मुलगा अमेय पुण्याहून राहायला आला. त्याला कसलेसे कागद छापायचे होते आणि माझ्या मराठी सूचना त्याला उमगेनात. त्यानं माझी भाषा इंग्रजी केली. तेवढ्यानं भागलं असतं. पण मी सूचना कोणत्या भाषेत द्याव्यात हे एका ठिकाणी ठरतं, आणि कोणती अक्षरं दाखवावीत हे दुसऱ्या ठिकाणी. अमेयनं घाईत दोन्ही बदललं.

दुसऱ्या दिवशी यमुनाबाईंनी लिहिलं आणि पडद्यावर भलतीच चिन्हं उमटली. त्यांनी पदरानं पडदा पुसला. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. पडद्याकडे बोट दाखवून त्या जोरजोरात मान हलवू लागल्या.

"आई काहीबाही दाबायली, बाबा," अमेय म्हणाला. "तिला आता काही समजंना."

माझ्यातला जुना मजकूर कोणी उघडला असता, तर तोही तसाच दिसला असता आणि चूक कळली असती. कोणीच उघडला नाही. घरातले सगळे यमुनाबाईंविषयी त्यांच्यासमोरच बोलू लागले. लक्ष्मणराव शेजारी बसत, पण गप्प. यमुनाबाई मात्र लिहीत राहिल्या. मला शब्द न् शब्द कळत होता आणि ओरडता येत नव्हतं. माझा जीव नुसता तुटत होता. दिवाळीआधी त्या गेल्या.

परवा नात अश्लेषा माझ्यासमोर बसली. ऑपरेशनाआधीचा जुना मजकूरही तिला चिन्हांतच दिसला, तशी चूक तिच्या लक्षात आली. तिनं सूचनांची भाषा इंग्रजीच ठेवली, फक्त अक्षरांची सेटिंग बदलली, मला पुन्हा सुरू केलं आणि आजीचा मजकूर उघडला.

"आजोबा," ती म्हणाली, "आजी बरोबर लिहायली होती."

लक्ष्मणरावांनी चष्मा पुसून वाचलं. "मला सगळं कळतंय. यंत्राचं काहीतरी बिघडलंय." त्याखाली, "अहो, मला ऐकू येतं." आणि अगदी शेवटी, "गप्प का बसता? माझ्याशी बोला ना."

मित्रांनो, माझ्यासारख्याची एक सेटिंग बदलताना दुसरी हलली नाही ना, ते पाहत जा. आणि कुणाचं म्हणणं कळेना झालं, तर आधी यंत्रावर संशय घ्या, माणसावर नको.

लक्ष्मणराव आता रोज संध्याकाळी मला सुरू करतात आणि खुर्ची जवळ ओढतात. अंगात शर्ट उलटा असतो. "बघ ना, यमुना," एवढंच म्हणतात आणि पडद्याकडे बघत थांबतात.